दंडार-गंमतच्या संचाचं ऑफिस आणि निधी: हे काम पोटापाण्यासाठी करायचं असेल तर कोणत्या क्रमाने करायचं

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नाचणारे भरपूर, ढोलकीवाले भरपूर, पण संचाचे, म्हणजे कलाकारांच्या पार्टीचे, कागद सांभाळणारा, अर्ज लिहिणारा, पैसे आणून त्याचा हिशोब देणारा माणूस शोधूनही भेटत नाही. म्हणजे या कामाला जागा आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतले काही पोट्टे-पोट्टी आता हेच काम करायचं म्हणून राहिले, चांगली गोष्ट आहे, पण जवळपास सगळे एकाच जागी फसतात, क्रम उलटा लावतात. आधी कुठून तरी ऐकतात की नाचासाठी दिल्लीहून ग्रँट येते, मग घाईघाईत एजंटाकडून संस्था रजिस्टर करून घेतात, मग अर्ज भरायचा म्हणून संच शोधतात, आणि हिशोबाची आठवण येते ती डायरेक्ट ऑडिटच्या वेळी. खाली बरोबर क्रम दिला आहे. मी उदाहरणं दंडार आणि खडी गंमत या आपल्याकडच्या लोककलांची घेतली, पण तुमच्याकडचा नाच रेला असो, ढेमसा असो की मेळघाटातलं गदली-सुसून, कागदाचं काम सारखंच आहे.

टप्पा १: एक संच धरा, एक पूर्ण सिझन सोबत फिरा

कोर्स, सर्टिफिकेट, व्हिजिटिंग कार्ड हे सगळं नंतर. पहिले एक संच धरा. दिवाळी झाली, धान कापून झाला की भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू होतात, तिथून पुढे होळीपर्यंत तारखा असतात. या सिझनमध्ये संचाच्या गाडीत बसून जा आणि वहीत लिहा. कोणत्या गावची तारीख, फोन कोणाचा आला, इसार (आगाऊ रक्कम) किती दिला, बाकी किती आणि ती कोणाकडून कधी भेटली, गाडीभाडं, जेवण कोणी घातलं, साउंड कोणाचा, शेवटी कोणाला किती वाटा पडला. शाहीर, म्हणजे संचाचा मुख्य, म्हणेल की मला सगळं तोंडपाठ आहे, आणि असतेही, पण तोंडपाठ हिशोबावर कोणी एक रुपया देत नाही.

याच सिझनमध्ये दुसरं काम करून टाका, कलाकारांची फाईल. सरकारी मानधन आता खात्यातच येते, त्यामुळे प्रत्येकाचं आधार, पॅन असेल तर पॅन, बँक पासबुकचं पहिलं पान आणि चालू मोबाईल नंबर एका जागी पायजे. इथे जी गडबड होते ती छोटी दिसते पण पैसा अडकवते: आधारवर 'शामराव', पासबुकवर 'श्यामराव', आणि मतदार यादीत तिसरंच काही. आडनाव एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. स्पेलिंग इंग्रजीत वेगळं. मानधनाची यादी वर पाठवली की असं एक नाव परत येते आणि त्याच्यापायी कधी कधी पूर्ण संचाचं पेमेंट थांबते. म्हणून तिन्ही कागद समोर ठेवून अक्षर न अक्षर जुळवा, जुळत नसेल तर उन्हाळ्यातच आधार केंद्रात दुरुस्ती करून घ्या. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते, जुन्या कलाकारांची अर्धी खाती त्याच अवस्थेत असतात. ज्यांनी केवायसी अर्धवट ठेवून छोटं खातं काढलं त्यांच्या खात्यात ५०,००० च्या वर रक्कम ठेवताच येत नाही, तेही बघून घ्या.

या फाईलचा अजून एक फायदा. संचात पन्नाशी पार केलेले कलावंत असतील तर त्यांना राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत महिन्याला ५,००० रुपये भेटू शकतात. त्यांचे अर्ज तुम्ही भरून दिले तर संचात तुमचा शब्द चालायला लागतो. हे मी मुद्दाम सांगून राहिलो, कारण बाहेरून आलेल्या शिकल्या-सवरल्या माणसावर जुने कलाकार पटकन विश्वास ठेवत नाहीत, आणि काहून ठेवतील? फोटो काढून घेऊन गेलेले खूप पाहिले त्यांनी.

*तपासून घ्या:* वही पूर्ण आहे का, आणि कमीत कमी दहा कलाकारांचे कागद जुळलेले आहेत का. नसतील तर टप्पा २ कडे जाऊ नका.

टप्पा २: संस्था, पण घाईची नाही

संचाची जुनी नोंदणी असेल तर नवीन काढू नका, जुनीच दुरुस्त करा. जुन्या नोंदणीला वय असते आणि ते वय पुढे कामी येते. नसेल तर आपल्याकडे नेहमीचा रस्ता म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, दोन्ही नोंदण्या. दोन्हीचं काम धर्मादाय कार्यालयातच होते. पहिलं सर्टिफिकेट हातात आलं की लोकं पेढे वाटून मोकळे होतात आणि दुसरी नोंदणी तशीच राहते. दुसरीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्या लागतो.

सभासद कमीत कमी सात लागतात. सातही एकाच घरातले टाकू नका, कायद्याचं सोडा, पैसे देणारा पहिले आडनावं वाचतो. दोघं-तिघं कलाकार घ्या, एक बाई तरी असू द्या आणि ती फक्त सहीपुरती नको, गावातला एखादा निवृत्त शिक्षक किंवा पोस्टमास्तर घ्या ज्याला कागदाची सवय आहे.

उद्देश पत्रिकेत सगळ्यात मोठी चूक होते. एजंटाकडे तयार मजकूर असतो: आश्रमशाळा, गोशाळा, व्यसनमुक्ती, वृक्षारोपण, संगणक प्रशिक्षण, आणि शेवटी कुठेतरी 'सांस्कृतिक कार्यक्रम घेणे'. अशा संस्थेचा अर्ज नृत्याच्या योजनेत गेला की तपासणारा उद्देश उघडतो, नाच कुठेच दिसत नाही आणि अर्ज बाजूला पडतो. म्हणून पहिल्या दोन-तीन उद्देशांतच स्पष्ट लिहा: लोकनृत्य आणि लोकनाट्याचं प्रशिक्षण, सादरीकरण, जतन आणि कलाकारांचं कल्याण. तुमच्या नाचाचं नाव टाका, दंडार तर दंडार.

त्यानंतर क्रम असा: संस्थेचं पॅन, दोन सह्यांचं बँक खातं, केंद्र सरकारच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंदणी, मग आयकरची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला करसवलत). दर्पणचा नंबर नसेल तर केंद्र सरकारच्या योजनांचा अर्जच पुढे सरकत नाही. १२ए-८०जी नवीन संस्थेला आधी तात्पुरती भेटते, तीन वर्षांसाठी, आणि नियमित नोंदणीचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, जे आधी येईल तेव्हा करा लागतो. हा दुसरा अर्ज विसरणारे खूप आहेत, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर असते आणि मुदत कधीचीच गेलेली असते. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू आहे, कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले, बोलण्यात सगळे ८०जीच म्हणतात, पण अर्जात टाकताना सीएकडून नंबर घ्या.

*सावधान:* कार्यकारिणीत कोणी बदललं, वारलं, राजीनामा दिला, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, टाका लागतो. गावाकडे जुना अध्यक्ष जाऊन सहा वर्षं झालेली असतात आणि रेकॉर्डवर तोच असतो. आणि संस्थेच्या नावाने कर्ज काढायचं असेल, मग ते गाडीसाठी असो की साउंडसाठी, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते.

आता तुमच्या करिअरचा मुद्दा. तुम्हाला या कामाचं मानधन घ्यायचं आहे ना? मग तुम्ही स्वतः सचिव किंवा कोषाध्यक्ष बनू नका. चेकवर सही करणारा आणि त्याच चेकने पगार घेणारा एकच माणूस असला की ऑडिटरपासून गावापर्यंत सगळेच शंका घेतात. तुम्ही नेमलेले समन्वयक राहा, कार्यकारिणीने ठराव करून नेमलेले, मानधनाचा आकडा ठरावात लिहिलेला. पद कमी वाटते पण हेच सुरक्षित आहे.

टप्पा ३: पैसा यायच्या आधी हिशोब सुरू करा

हा टप्पा लोकं सगळ्यात शेवटी करतात. खात्यात ५,००० आहेत म्हणून कॅशबुक कशाला, असं म्हणू नका. पाच हजाराचं कॅशबुक नीट आहे म्हणून पाच लाख भेटतात.

लागते इतकंच: कॅशबुक, नंबर छापलेलं पावती बुक, व्हाउचर, मिटिंगचं प्रोसिडिंग बुक, आणि साहित्याचं रजिस्टर ज्यात ढोलकी, डफ, पोशाख, घुंगरू कधी घेतले, कोणाकडे आहेत ते लिहिलेलं. टॅली शिकून घ्या, तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्येही शिकवतात, पण वही बंद करू नका.

व्हाउचरचं नीट समजून घ्या. ढोलकीवाल्याला कार्यक्रमाचे पैसे दिले तर व्हाउचरवर तारीख, गाव, कशाचे पैसे, रक्कम अक्षरी आणि अंकात, त्याची सही किंवा अंगठा, अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही. ५,००० च्या वर रोख दिले तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊच नका, खात्यात टाका. खाणावळवाल्याचं, टेम्पोवाल्याचं बिल त्याच्या लेटरहेडवर नसेल तर साध्या कागदावर चालते पण त्यावर त्याचा मोबाईल नंबर आणि गाडी नंबर पायजे. बिल कार्यक्रमाच्या रात्रीच घ्या. दुसऱ्या दिवशी मागाल तर तो टेम्पोवाला शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गर्दीत गेलेला असतो, आणि पंधरा दिवसांनी तो म्हणेल भाऊ तुम्हीच लिहून घ्या आकडा. तिथून खोटं सुरू होते.

*तपासून घ्या:* कोणत्याही महिन्याचं पान उघडलं तर कॅशबुकची शिल्लक आणि हातातली रोख जुळते का.

टप्पा ४: संचाची ओळख दाखवणारे पुरावे

दोन पानाची माहिती आणि एक व्हिडिओ, बस. माहितीत 'प्राचीन परंपरा, समृद्ध वारसा' असले शब्द काढून टाका, त्यापेक्षा लिहा की संचात किती लोक, वय किती ते किती, कोणती वाद्यं, प्रयोग किती तासाचा, पंधरा मिनिटांत बसवता येतो का. महोत्सवात वेळ मोजून भेटतो आणि रात्रभर चालणाऱ्या गंमतीतलं काय कापायचं हे शाहिराशी बसून आधीच ठरवा लागते, आयत्या वेळी स्टेजमागे भांडण नको.

व्हिडिओ मोबाईलवर चालेल पण आडवा धरून, दिवसा किंवा चांगल्या उजेडात, सलग पाच-सात मिनिटं, न कापता. आवाज ओरिजिनल. लग्नाच्या व्हिडिओवाल्याला दिलं की तो त्यावर सिनेमाचं गाणं टाकतो, स्लो मोशन करतो, फुलं उडवतो. निवड करणाऱ्याला पाय बघायचे असतात, पूर्ण रांग बघायची असते, ढोलकीची थाप ऐकायची असते.

प्रत्येक कार्यक्रमाचा एक पुरावा ठेवा: पत्रिका, पेपरचं कात्रण, नाही तर ग्रामपंचायतीचं किंवा मंडई समितीचं दोन ओळींचं पत्र, तारीख आणि शिक्क्यासकट. हे पत्र मंडईच्या रात्रीच मागा, सरपंच खुशीत असतात.

टप्पा ५: पैसा कुठून, आणि कोणाकडे आधी जायचं

जवळून सुरू करून दूर जा. सरळ दिल्लीला उडी मारली की तिथे विचारतात, तुमच्या गावाने तुम्हाला किती दिले? आणि उत्तर नसते.

*मंडईचे करार.* ही तुमची नेहमीची कमाई. आतापर्यंत फोनवर ठरत होतं, आता एका पानाचा करार करा: तारीख, वेळ, रक्कम, इसार, जेवण-मुक्काम कोणाकडे, पाऊस आला किंवा परवानगी नाही भेटली तर इसाराचं काय. लोकनृत्याच्या कार्यक्रमाचं कलाकाराने घेतलेलं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. सिनेमाच्या गाण्यावरचा डान्स हंगामा यात बसत नाही, उगाच दोन्ही एका बिलात टाकू नका.

*गावातली वर्गणी.* वेळ ओळखा. रोवणीत (धान लावायच्या दिवसांत) कोणाच्या दारात जाऊ नका, हातात पैसा नसतो आणि वेळही नसतो. धानाचे चुकारे (विक्रीचे पैसे) खात्यात आले की जा. राइस मिलवाल्याला पैसे मागण्यापेक्षा तांदळाचे दोन कट्टे मागा, कार्यशाळेतल्या पोरांचं जेवण निघते, आणि त्याची वस्तू मिळाल्याची पावती द्या, रजिस्टरला नोंद करा. कृषी केंद्र, पतसंस्था, डॉक्टर यांच्याकडे बोलायला एकट्याने जाऊ नका, शाहिराला सोबत न्या.

पुण्या-नागपूरला नोकरीला गेलेले गावकरी ऑनलाइन द्यायला तयार असतात. इथे बहुतेक ठिकाणी एकच घोळ दिसतो, क्यूआर कोड अध्यक्षाच्या खासगी नंबरचा असतो. बंद करा ते. कोड संस्थेच्या खात्याचाच. ८०जीची सवलत रोख २,००० च्या वर दिलेल्या देणगीला लागत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. आणि देणगीदारांची यादी नाव-पॅनसकट दरवर्षी ३१ मे पर्यंत आयकर पोर्टलवर टाका लागते, ती टाकली नाही तर त्यांना सवलत भेटत नाही आणि पुढच्या वर्षी ते फोन उचलत नाहीत.

*सावधान:* परदेशातून पैसा येत असेल तर थांबा. भाचा अमेरिकेत आहे पण पासपोर्ट भारताचाच आहे तर त्याने बँकेतून पाठवलेली देणगी परदेशी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तोच पैसा परदेशी देणगी होतो, मग तो आपलाच भाचा का असेना, आणि एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी नसताना तो घेणं गुन्हा आहे.

*नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र.* १९८६ मध्ये सुरू झालेलं केंद्र सरकारचं हे ऑफिस सिव्हिल लाइन्सला आहे, आपल्यासाठी सगळ्यात जवळचं. इथे आधी महोत्सवांसाठी संचाची माहिती द्या. गुरु-शिष्य परंपरा योजनाही इथूनच चालते, त्यात गुरूला महिन्याला ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० रुपये असा दर आहे. मरत चाललेल्या नाचाला त्यात प्राधान्य असते, तेव्हा गावात दंडार शिकवणारा एकच म्हातारा उरला असेल तर तेच अर्जात पहिल्या ओळीत लिहा. प्रत्यक्ष जाऊन या एकदा, फाईल घेऊन, शाहिराला घेऊन.

*राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय.* प्रयोगात्मक लोककलेच्या पथकांना भांडवली आणि प्रयोग अनुदान देते, खडी गंमत त्यात नावाने आहे. वर्तमानपत्रात आणि वेबसाइटवर जाहिरात येते, मुदत कमी असते. टप्पा १ ते ४ झालेले असतील तर दोन दिवसांत अर्ज तयार होतो, नसतील तर महिन्यातही होत नाही.

*केंद्राचं संस्कृती मंत्रालय.* कला संस्कृती विकास योजनेत आपल्या कामाचे दोन भाग आहेत. एक रेपर्टरी ग्रँट, म्हणजे गुरू आणि शिष्यांच्या संचासाठीचं अनुदान, ज्यात गुरूला महिन्याला १५,००० आणि शिष्याला वयाप्रमाणे २,००० ते १०,००० भेटतात. दुसरा कार्यक्रम आणि निर्मितीसाठी, साधारण ५ लाखांपर्यंत. स्पर्धा देशभरातून असते. पहिल्या वर्षी नाही भेटलं तर नाराज न होता तीच फाईल सुधारून ठेवा.

*कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा.* २०१३ च्या कंपनी कायद्यात सीएसआरच्या यादीत पारंपरिक कलांचा विकास आहे, हे कंपनीच्या साहेबालाही कधी कधी माहीत नसते, त्याच्या डोक्यात शाळा आणि दवाखाना असतो. आपल्या भागात वेकोलि (कोळसा खाणी) आणि मॉईल (मँगनीज खाणी) यांची मुख्यालयं नागपुरातच, चंद्रपूरकडे सिमेंट, तिरोड्याला वीज प्रकल्प, सूरजागडला लोहखाण. कायदा म्हणतो कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, म्हणून तुमचं गाव खाणीपासून किंवा प्लांटपासून किती किलोमीटर ते अर्जात लिहा. पण संस्थेला १२ए, ८०जी, सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून म्हटलं, जुन्या नोंदणीला वय असते. कंपन्यांचा वर्षाचा आराखडा आधी मंजूर होतो, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत भेटा, दिवाळीच्या तोंडावर नाही.

टप्पा ६: अर्ज आणि बजेट

अर्जात तीन गोष्टी लोकं गोल गोल लिहितात: कोण करणार, किती लोकांसाठी, संपल्यावर हातात काय राहणार. सरळ लिहा. 'युवा पिढीत जागृती' नाही, 'गावातली १२ ते १८ वयाची २० मुलं-मुली दंडारीच्या चार चाली शिकतील आणि मंडईत एक प्रयोग करतील' असं.

बजेटचं एक उदाहरण घेऊ, दहा दिवसांची कार्यशाळा, वीस मुलं. दोन गुरू रोज १,००० प्रमाणे २०,०००. तीन साथीदार रोज ६०० प्रमाणे १८,०००. जेवण २५ माणसांचं, रोज १२० प्रमाणे ३०,०००. वाद्य दुरुस्ती ८,०००, पोशाख वीस जणांचे ७०० प्रमाणे १४,०००, शेवटच्या दिवशी मंडप-साउंड १२,०००, व्हिडिओ ६,०००, प्रवास ५,०००, ऑडिट आणि स्टेशनरी ४,०००, समन्वयक १०,०००. एकूण १,२७,०००. बघा, कुठेच 'इतर खर्च ३०,०००' नाही. गोल आकड्याचा 'इतर' दिसला की तपासणाऱ्याचा पेन तिथेच थांबतो. समाजमंदिर ग्रामपंचायतीने फुकट दिलं, तांदूळ मिलवाल्याने दिला, तर तो तुमचा हिस्सा म्हणून वेगळा दाखवा, पत्रासकट, आणि मग जेवणाचा आकडा तेवढा कमी करा. दोन्हीकडे दाखवाल तर सापडाल.

समन्वयकाची ओळ लाजून काढू नका. बरेच जण म्हणतात आपलं नंतर बघू, आधी कलाकारांना भेटू द्या. नंतर काही भेटत नाही, आणि मग हा माणूस टेम्पोच्या बिलात आकडा वाढवतो. उघड लिहिलेले दहा हजार चांगले. फक्त योजनेच्या नियमात प्रशासकीय खर्च चालतो का ते आधी वाचा, चालत नसेल तर तुमचं मानधन मंडईच्या कमाईतून किंवा वर्गणीतून ठरावाने घ्या. हार, शाल, नारळ, सन्मानचिन्ह हे ग्रँटमध्ये टाकू नका. आपल्याकडे दीपप्रज्वलन आणि सत्कार कार्यक्रमापेक्षा लांब चालतात, ती हौस वर्गणीतून करा.

*तपासून घ्या:* बजेटमधला प्रत्येक आकडा गुणाकार करून दाखवता येतो का. दुसऱ्या माणसाकडून बेरीज करून घ्या.

टप्पा ७: कार्यक्रमाचा दिवस

पोलीस स्टेशनची परवानगी आणि ग्रामपंचायतीचं ना हरकत आठवडाभर आधी. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, वर्षातले ठरावीक १५ दिवस जिल्हाधिकारी १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतात. ग्रँटचा कार्यक्रम असेल तर संध्याकाळी ६ ला सुरू करून १० च्या आत संपवा, रात्रभराची गंमत नंतर गावाने गावाच्या पद्धतीने करावी.

हजेरीपत्रक रोजच्या रोज सहीने. शेवटच्या दिवशी एकाच पेनने एकाच बसण्यात केलेल्या दहा दिवसांच्या सह्या लांबूनही ओळखू येतात. फोटो लोकेशन आणि तारीख येणाऱ्या ॲपने काढा, बॅनर, मुलं आणि गुरू एका फ्रेममध्ये. मुली असतील तर जायची-यायची गाडी, सोबत एक बाई आणि कपडे बदलायला बंद खोली हे बजेट लिहितानाच ठरलेलं पायजे.

टप्पा ८: हिशोब देणे

पैसा सरकारचा असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र लागते, केंद्राच्या पैशासाठी जीएफआर (केंद्राचे आर्थिक नियम) १२-ए नमुन्यात, सीएच्या सहीने. बऱ्याच योजनांत हप्ते असतात आणि मागच्या हप्त्याचा हिशोब दिल्याशिवाय पुढचा येत नाही. कार्यक्रम संपल्यापासून महिन्याभरात देऊन टाका. सीएला पिशवी भरून बिलं नेऊन देऊ नका, बजेटच्या ओळीप्रमाणे लावून, व्हाउचरला नंबर टाकून द्या, तोही फी कमी घेतो आणि चूक तुम्हालाच आधी दिसते.

एका ओळीतला पैसा दुसऱ्या ओळीत वापरायचा असेल तर आधी लेखी विचारा. पोशाख स्वस्तात झाले म्हणून उरलेल्या पैशातून स्पीकर घेतला, हे नंतर कोणी ऐकून घेत नाही. उरलेले पैसे परत करा. परत केल्याने पुढची ग्रँट जाते असा एक समज आहे आपल्याकडे, आणि त्याच्यापायी लोकं मार्च एंडिंगला उगाच बॅनर छापतात. उलट पैसे परत केल्याचं चलन फाईलला लागलेलं असलं की पुढच्या अर्जात ते दाखवता येते.

संस्थेचं वार्षिक ऑडिट वेगळं, ते ३१ मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर करून धर्मादाय कार्यालयात द्यायचं.

टप्पा ९: स्वतःचा धंदा कसा बसवायचा

एका संचावर पोट भरत नाही, हे आधीच सांगतो. तीन-चार संच पायजेत, प्रत्येकाकडून महिन्याचं किंवा सिझनचं ठरलेलं मानधन, आणि मोठ्या अर्जाचं लिहिणावळ वेगळं. पण ग्रँटवर टक्केवारी घेऊ नका. आपल्याकडे 'आणून देतो, वीस टक्के माझे' म्हणणारे फिरत असतात. ते पैसे हिशोबात कुठे दाखवणार? दाखवताच येत नाहीत, म्हणून खोटी बिलं येतात आणि अडकतो शाहीर, कारण सही त्याची. अमेरिकेतल्या फंडरेझर लोकांच्या संघटनेच्या आचारसंहितेतही टक्केवारीवर काम करायला मनाई आहे. अर्ज लिहायचा ठरलेला आकडा घ्या, ग्रँट येवो न येवो.

शिक्षणाचं म्हणाल तर दोन सिझन झाल्यावर बघा. गोंदियावाल्यांना खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय जवळ आहे, १९५६ चं, नृत्य आणि लोकसंगीत दोन्ही तिथे शिकता येते, नाचाची भाषा समजायला त्याचा उपयोग होतो. मॅनेजमेंटसाठी मात्र टॅली, एक्सेल आणि मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत साफ पत्र लिहिता येणं याच्यावर नोकऱ्या भेटतात, कंपन्यांच्या सीएसआर टीममध्ये, सांस्कृतिक केंद्रांत, मोठ्या शहरातल्या नृत्यसंस्थांत. स्वतः संशोधन किंवा डॉक्युमेंटेशन करायचं असेल तर बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स व्यक्तीलाही अनुदान देते, त्याला संस्था लागत नाही.

आणि संच सोडायची वेळ आली तर नीट सोडा. दर्पण, आयकर, बँक, सगळीकडे ओटीपी तुमच्या मोबाईलवर येत असेल तर सोडण्याआधी तो नंबर बदलून द्या. पासवर्डची यादी, शिक्का, पावती बुकं, मूळ सर्टिफिकेटं, कलाकारांची फाईल, हे सगळं कार्यकारिणीच्या मिटिंगमध्ये एक एक करून वाचून दाखवा, प्रोसिडिंगला लिहा आणि खाली दोन्हीकडच्या सह्या घ्या. एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.